टाकीतलं चांदणं

भाद्रपद आला की आमच्या हॉलचा वास बदलतो. पाऊस संपलेला नसतो, नुसता दमलेला असतो. बाल्कनीतले कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात, कपाट उघडलं की कोंदट वास येतो, आणि त्यात आमच्या काचेच्या टाकीचा खारट वास मिसळतो. टाकी समुद्रातल्या माशांची आहे. संभाजीनगरात समुद्राचा वास येणारं घर बहुतेक आमचं एकटंच असेल. समुद्र इथून रात्रभराच्या प्रवासावर, आणि नळाचं पाणी आठ-आठ दिवसांच्या वाटेवर. सोसायटीतल्या बायका मला तोंडावर म्हणायच्या, "माणसांना प्यायला पाणी नाही आणि हिनं घरात समुद्र मांडलाय!" मी हसून सोडून द्यायचे. त्या काही खोटं बोलत नव्हत्या.

आज पौर्णिमा आहे. संध्याकाळी टाकीवरचे पांढरे दिवे विझले, तसा मी शेजारचा छोटा रेग्युलेटर फिरवला. पंख्याला असतो तसाच, फक्त लहान. तो फिरवला की रात्रीचा निळा दिवा कमी-जास्त होतो. त्याच्याभोवती पांढऱ्या कागदाची गोल चकती चिकटवलेली आहे, आणि तिच्यावर पेन्सिलीनं शून्य ते पंधरा आकडे लिहिलेले आहेत. अक्षर अण्णांचं. अण्णा म्हणजे माझे सासरे. मागच्या भाद्रपदात, याच पौर्णिमेला, मी त्यांना या रेग्युलेटरला हात लावायची बंदी केली. त्यानंतर ते आमच्याकडं फार दिवस राहिले नाहीत. पुढं फार दिवस जगलेही नाहीत.

दिवा पंधरावर नेला. पाणी निळं झालं. नारिंगी माशांची जोडी कोपऱ्यात एकमेकांना खेटून थांबली. खालच्या दगडावरच्या पोवळ्यानं हळूहळू आपली बारीक बोटं बाहेर काढली. हे सगळं मागच्या वर्षीसारखंच. टाकीसमोरची वेताची खुर्ची तेवढी रिकामी.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. दिवसभर लोकांचं रक्त काढायचं आणि त्याचे आकडे कागदावर उतरवायचे, हे माझं काम. माणसांपेक्षा आकड्यांशी माझं लवकर जमतं. आकडा मनाला लावून घेत नाही, रुसत नाही, आणि त्याला समजावत बसावं लागत नाही. मुलगा शिकायला पुण्याला गेला, आणि संदीपची, माझ्या नवऱ्याची, वाळूजच्या कारखान्यातली पाळी दर आठवड्याला बदलत राहिली. संध्याकाळी घर खायला उठायचं. अशा वेळी कुणी कुत्रं पाळतं, कुणी भिशी लावतं. मी समुद्र आणला. गाळलेल्या पाण्यात पाकिटातलं मीठ मोजून घालायचं, अर्धा दिवस ढवळत ठेवायचं, मग एक थेंब काचेवर घेऊन खारटपणाचा आकडा बघायचा. आकडा बरोबर आला की मला सण झाल्यासारखं वाटायचं.

रात्रीच्या दिव्याचं मात्र मला काही कळत नव्हतं. निळा दिवा इतका देखणा दिसायचा की मी तो रात्रभर जाळत ठेवायचे. संदीप दुसऱ्या पाळीवरून परतला की अंधाऱ्या घरात तेवढा निळा चौकोन दिसायचा, आणि तो म्हणायचा, "घर आहे का दवाखाना?" महिनाभरात मासे मलूल झाले. मी छावणी भागातल्या सलीमभाईंकडं गेले. मासे त्यांच्याच दुकानातले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"मॅडम, तुमको रातभर बत्ती लगाके सुलाये तो नींद आयेंगी क्या? इनको भी अंधेरा होना ना."

त्याच दिवशी त्यांनी मला एक लाल शेपटीचा, बोटाएवढा मासा दिला. पिशवीला गाठ मारता मारता म्हणाले, "ये कूदताय, हां. जाली बगैर रखे तो जमीन पे मिलेंगा." मी टाकीवर बसेल अशी बारीक जाळी करून घेतली. ती जाळी इथंच सांगून ठेवते, कारण पुढं सगळं तिच्यापाशी येऊन थांबणार आहे.

अण्णा आले ते त्या उन्हाळ्यात. सासूबाई जाऊन तीन महिने झाले होते. सोयगावच्या घरात ते एकटेच भाकरी थापत होते आणि फोनवर "बरं चाललंय" म्हणत होते. संदीप जाऊन त्यांना घेऊनच आला. एक पिशवी, एक काठी, औषधाचा डबा आणि बोटात पोवळ्याची अंगठी. आयुष्यभर त्यांनी एसटीच्या डेपोत गाड्यांच्या वेळा लिहिल्या होत्या. आमच्या फ्लॅटमध्ये त्यांना लिहायला काही नव्हतं आणि बघायला आभाळसुद्धा नव्हतं. खिडकी उघडली की समोरच्या बिल्डिंगची मागची बाजू आणि पाण्याचे पाइप. पहिले पंधरा दिवस ते मुलाच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून असायचे. मी लॅबमधून येऊन चहा दिला की म्हणायचे, "ठेव तिथं." चहा तिथंच गार व्हायचा.

मग एक दिवस संध्याकाळी ते हॉलमध्ये आले आणि टाकीसमोर उभे राहिले.

"हे दगडावर काय उगवलंय?"

"पोवळं आहे, अण्णा. समुद्रातलं."

"जित्तं?"

"हो. जिवंत असतं. रात्री तोंड उघडतं, खातं."

त्यांनी टाकीकडं पाहिलं, मग स्वतःच्या बोटाकडं. "म्हंजे मी तीस वर्सं कुणाचं हाड घालून हिंडतोय व्हय?" त्यांनी अंगठी काढली आणि औषधाच्या डब्यात ठेवून दिली. पुन्हा कधी घातली नाही. त्या दिवशी चहा गरम असताना प्यायले.

सलीमभाईंच्या सांगण्यावरून मी निळा दिवा मंद करायला रेग्युलेटर बसवून घेतला होता, आणि मनाला येईल तसा फिरवत होते. अण्णांना ते बघवेना. "चांदणं रोज सारखं कुठं असतंय, पोरी? अवसेलाबी पुनव दाखवली तर मासे येडे व्हतील." दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले, तर रेग्युलेटरभोवती कागदाची चकती चिकटलेली होती. अमावास्येला शून्य, पौर्णिमेला पंधरा. मधल्या प्रत्येक तिथीला एक घर. चकती वाटीच्या कडेनं आखून कापली होती, आणि घरं इतकी सारखी होती की मी मोजपट्टी लावून बघितली. अण्णा हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होते.

तेव्हापासून आमच्या घरात चंद्र अण्णांच्या ड्युटीवर गेला. शुद्ध पक्षात तो लवकर मावळायचा, वद्य पक्षात उशिरा निघायचा. अण्णा भिंतीवरचं कॅलेंडर बघून, बोटं मोजून वेळ काढायचे. "चंद्राची गाडी रोज पाऊण तास लेट," ते म्हणायचे, "पण बंद नाय पडत कधी." रोजचा आकडा ते कॅलेंडरच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहून ठेवायचे. चतुर्थीला माझा उपास असायचा. खिडकीतून चंद्र दिसायची सोय नव्हती. अण्णा घड्याळाकडं बघत बसायचे आणि वेळ झाली की रेग्युलेटर फिरवून हाक मारायचे, "पोरी, निघाला बघ. जेव आता." मी टाकीला हात जोडायचे आणि मग आम्ही दोघंही हसायचो. माझे वडील मी सहावीत असताना गेले. असं उपाशीपोटी कुणी माझ्यासाठी घड्याळाकडं बघत बसल्याचं मला आठवत नाही.

त्या श्रावणातल्या संध्याकाळी मला अजून जशाच्या तशा आठवतात. बाहेर भुरभुर पाऊस, आत पंपाची गुणगुण, अण्णांच्या पंच्याला लिंबाच्या साबणाचा वास. मी भाजी निवडत खाली बसलेली, ते खुर्चीत. एकदा सलीमभाई मीठ द्यायला घरी आले, चकती बघून खूश झाले, आणि दोघं तासभर चंद्रावर बोलले. सलीमभाई म्हणाले, "अण्णा, हमारा महिना चाँद दिखे बिगर शुरू नही होता." अण्णा म्हणाले, "आमचा दिसो न दिसो, छापलेला असतोय." टाकीतल्या चंद्राचं काय करायचं, यावर दोघांचं एकमत झालं नाही. जाताना सलीमभाईंनी अण्णांच्या पायाला हात लावला.

अण्णा डेपोतल्या गोष्टी फारशा सांगत नसत. सांगितलं तर रजिस्टरचं सांगत. गाडी सात चाळीसला आली की सात चाळीस लिहायचं. टायर फुटलं की ड्रायव्हर झोपला, ते विचारायचं नाही. "आमच्या रजिस्टरला कारणाचा रकानाच नव्हता, पोरी." आणि लिहिताना चूक झाली तर खोडरबर चालत नसे. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ, वर बरोबर आकडा, बाजूला सही. खालचं चुकलेलं वाचता आलं पाहिजे, हा नियम. मला तो नियम फार आवडला होता. आमच्या लॅबमध्येही असंच करतात.

पण त्याच दिवसांत अण्णांच्या बारीकसारीक चुका व्हायला लागल्या होत्या. दूध गॅसवर ठेवून विसरले. मला दोनदा सासूबाईंच्या नावानं हाक मारली. एकदा खाली फिरायला गेले आणि आपला मजला कितवा ते त्यांना आठवेना, वॉचमन वर घेऊन आला. मी स्वतः त्यांचं रक्त काढलं. बी-ट्वेल्व्ह कमी आलं. डॉक्टर म्हणाले, वय आहे, लक्ष ठेवा. मी लक्ष ठेवायला लागले. खरं सांगायचं तर मी त्यांच्या पुढच्या चुकीची वाट बघत होते. आकडा हातात आला की मला माणूस दिसेनासा होतो, हा माझा जुना आजार आहे.

ती पौर्णिमा आली तेव्हा लॅबमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. भाद्रपदातला ताप घरोघरी असतो. त्या दिवशी खग्रास चंद्रग्रहण होतं. लॅबमधल्या मुली दिवसभर तेच बोलत होत्या, दोघींनी तर डबा चार वाजताच उरकला. मी त्यांची थट्टाही केली. आभाळ भरलेलं होतं, त्यामुळं ग्रहण दिसायचा प्रश्नच नव्हता. घरी पोचले तेव्हा रात्रीचे पावणेअकरा झाले होते. संदीप दुसऱ्या पाळीला होता. दार उघडलं तर हॉलमध्ये मिट्ट काळोख. पौर्णिमा, आणि टाकीत एक ठिपका उजेड नाही.

मोबाइलचा दिवा लावला. टाकीच्या पायाशी, फरशीवर, लाल शेपटीचा मासा पडला होता. चिकटून निपचित झाला होता. दिवा वर केला तर समोर खुर्चीत अण्णा जागे बसलेले, हातात माळ.

"अण्णा, दिवा कुणी बंद केला?"

"म्या केला."

"पौर्णिमा आहे आज! एकदम अंधार केलात म्हणून हा घाबरला आणि बाहेर उडाला. बघा, मेला."

त्यांनी वाकून फरशीकडं पाहिलं. त्यांच्या मागं बाल्कनीच्या कठड्याला टाकीची जाळी टेकवून ठेवलेली होती. सकाळी ती मीच काढली होती, शेवाळ घासून धुतली होती, आणि वाळत लावून कामाला निघून गेले होते. ती माझ्या डोळ्यांसमोर होती. मी ती पाहिली. पाहूनही मी म्हणाले, "अण्णा, आता तुम्ही याला हात लावत जाऊ नका. तुम्हाला नाही जमत आता."

"व्हय," अण्णा म्हणाले.

स्वयंपाकघरात गेले तर दुधाच्या पातेल्यात तुळशीचं पान होतं. ताकातही होतं. ग्रहणात घालतात तसं. माझं ताट वाढून झाकून ठेवलेलं, त्याच्यावरही एक पान. मी ते बाजूला करून जेवले. दीडच्या सुमाराला मला मोरीत पाण्याचा आवाज आला. अण्णा आंघोळ करत होते. ग्रहण सुटलं की करतात तशी.

मला तेव्हाच कळलं. आजपर्यंत मी संदीपलाही हे सांगितलेलं नाही. आभाळातल्या चंद्राला ग्रहण लागलं, म्हणून त्यांनी टाकीतल्या चंद्रालाही लावलं होतं. त्यात विसरणं नव्हतं, चूक नव्हती. उलट माझ्यासारख्या दहा जणींना सुचलं नसतं असं ते होतं. मी अंथरुणात पडून वाट बघत राहिले की आता आंघोळ झाली, आता ते पुन्हा दिवा लावतील. दाराच्या फटीतून निळा उजेड येईल. तो आला नाही. मी हात लावू नका म्हटलं होतं, आणि अण्णांनी सांगितलेली ड्युटी कधी मोडली नव्हती.

सकाळी उठून दोन शब्द बोलायचे होते. "अण्णा, चुकलं." एवढंच. पण तसं म्हटलं असतं तर माशाचं मरण माझ्या पदरात पडलं असतं, आणि जाळीचं बोलावं लागलं असतं. मी चहा केला, त्यांच्यासमोर ठेवला, आणि म्हणाले, "साखर कमी घातलीय." त्यांनी मान हलवली. त्या दिवसापासून त्यांनी मला पोरी म्हणणं सोडलं. रागानं नाही. मला सूनबाई म्हणायला लागले, आणि अहो-जाहो करायला लागले. घरात पाहुणा वागतो तसे वागायला लागले.

दुसऱ्याच दिवशी मी लॅबमध्ये बसून मोबाइलवरून आपोआप चालणारा दिवा मागवला. चंद्राच्या कलांप्रमाणे आपला आपण कमी-जास्त होणारा. मला वाटलं, किंवा मला तसं वाटून घ्यायचं होतं, की यानं अण्णांच्या जिवाचा त्रास वाचेल. खोकं घरी आलं तेव्हा पितृपक्ष चालू होता.

"पक्षात नवी वस्तू आणत नसतेत, सूनबाई," अण्णा हळूच म्हणाले.

"वस्तू कुठं, अण्णा? मशीन आहे."

संदीपनं तो दिवा जोडला. जोडता जोडता विचारलं, "अण्णांना विचारलंस का?" मी म्हणाले, "विचारायचं काय त्यात?" अण्णांनी जुना रेग्युलेटर स्वतः काढला. वायर नीट गुंडाळली, चकतीला घडी पडू नये म्हणून रुमालात ठेवली, आणि ती पुरचुंडी टीव्हीखालच्या खणात सारली. "आता हे आपलं आपण उगवतंय," ते म्हणाले. "झ्याक झालं. आमची ड्युटी संपली."

त्यानंतरचे आठ दिवस मला कुणी परत देऊ केले तर मी काय वाटेल ते देईन. संध्याकाळ झाली की ते सवयीनं खोलीतून बाहेर यायचे, दोन पावलं टाकायचे, टाकीतला दिवा लागलेला बघायचे आणि परत फिरायचे. मी कणीक मळत असायचे. मला दिसायचं. माझे हात पिठात होते, तोंड काही पिठात नव्हतं.

सर्वपित्रीला त्यांनी सांगितलं, सोयगावला जातो. घरात घट कोण बसवणार? सासूबाई असताना कधी चुकले नाहीत. कारण इतकं रास्त होतं की कुणाला नाही म्हणता आलं नाही. संदीप पहिल्या पाळीला होता, म्हणून मीच त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले. फलाटावर उभे राहिल्यावर त्यांनी कंट्रोल केबिनच्या खिडकीकडं पाहिलं, मग मनगटाकडं.

"ईस मिन्टं लेट हाय."

वीस मिनिटं आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे होतो. पिशवी मधे होती. मी त्यांना गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगितलं. पाण्याची बाटली आणून दिली. दिवाळीला तुम्हाला घ्यायला येऊ, असं मी म्हणाले. गाडी लागली, ते चढले, खिडकीशी बसले आणि म्हणाले, "सूनबाई, त्या पोवळ्याला अवसेला अंधार मिळू द्या. तेवढं बघा." मी हो म्हणाले. गाडी हलली. तेव्हाही माझ्या तोंडातून ते दोन शब्द निघाले नाहीत. गाड्या लेट होतात ते काहीतरी बोलून घ्यावं म्हणूनच, असं मला आता कुठल्याही स्टँडवर उभं राहिलं की वाटतं.

कोजागिरीला त्यांचा फोन आला. तब्येत, पाऊस, संदीपची पाळी असं सगळं विचारून झालं. मग थोडं थांबून म्हणाले, "आज पंधरा असंल ना?"

मी टाकीकडं पाहिलं. मशीन ज्या दिवशी जोडलं तोच दिवस त्यानं अमावास्या धरला होता. तारीख लावून द्यायची असते, ते पत्रक मी वाचलंच नव्हतं. आभाळात पूर्ण चंद्र होता, गच्चीवर सोसायटीचं दूध आटत होतं, आणि आमच्या टाकीत उतरतं अर्धं चांदणं पडलं होतं.

"हो अण्णा," मी म्हणाले. "पंधरा आहे."

"बरं," ते म्हणाले. आवाज खूश वाटला. तो आमचा नीट बोललेला शेवटचा फोन.

कार्तिकात एका सकाळी शेजारच्यांनी कळवलं. झोपेतच गेले होते. उशाशी घड्याळ, औषधाचा डबा, डब्यात पोवळ्याची अंगठी. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, कुणाला त्रास दिला नाही. मी मोठ्यानं रडले तेव्हा सोयगावच्या बायका एकमेकींना म्हणाल्या, "सून असावी तर अशी." त्यांना काय ठाऊक!

परत आल्यावर मी मशीन काढून टाकलं आणि रुमालातला रेग्युलेटर लावला. सलीमभाईंना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "अण्णा का चाँद अब आपको देखना है, मॅडम." लाल शेपटीचा दुसरा मासा त्यांनी देऊ केला. मी घेतला नाही.

जानेवारीत भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उतरवलं. रद्दीत टाकण्याआधी भाद्रपदाचं पान उलटलं. प्रत्येक चौकोनात पेन्सिलीचा बारीक आकडा. अकरा, बारा, तेरा, चौदा. पौर्णिमेच्या चौकोनात आधीच लिहून ठेवलेलं, सुबक अक्षरात: "१५. ग्रहण. स्पर्श १०, मोक्ष १.३०. तेवढा वेळ दिवा बंद. नंतर लावणे." त्याच्याखाली, दुसऱ्या वेळी लिहिलेली, वाकडीतिकडी एक ओळ होती: "लाल मासा मेला. कारण – मी दिवा बंद केला."

पुढचे सगळे चौकोन कोरे होते.

आयुष्यभर ज्यांनी कारण लिहिलं नाही, त्या माणसानं एकदाच कारणाचा रकाना काढला, आणि त्यात स्वतःचं नाव घातलं. ते कारण त्यांना मी दिलं होतं. ते घेऊनच ते सोयगावला गेले, घट बसवले, कोजागिरीला फोन केला, आणि झोपले.

ते पान मी फाडून कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं. तेव्हापासून तिथंच होतं. साडी काढताना बोटांना कागद लागायचा आणि मी हात मागं घ्यायचे. नव्या कॅलेंडरवर मी रोज आकडा लिहिते, अमावास्येला अंधार करते, वद्य पक्षात गजर लावून उठते. संदीप म्हणतो, "इतकं कशाला करतेस? माशांना काय कळतंय?" माशांना खरंच फारसं कळत नसेल.

आज पाऊस उघडला आहे. संदीप कामावर आहे. टाकीवर जाळी आहे. मी दोनदा हात लावून बघितली. दिवा पंधरावर आहे, आणि त्या उजेडात लिहिता येईल इतकं दिसतं. मी पान काढून वेताच्या खुर्चीच्या हातावर पसरलं. पेन्सिलीला टोक केलं. "मी दिवा बंद केला" या शब्दांवर एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर लिहिलं, "जाळी सुनेनं काढून ठेवली होती." आणि बाजूला सही केली.